तारप्याचा सन्मान आणि नगरवासीयांचें कर्तव्य

सन २०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस भारत सरकारनें पद्म पुरस्कारांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत जव्हार तालुक्यांतील वाळवंडा येथील तारपावादक श्री. भिकल्या लाडक्या धिंडा यांचें नांव पद्मश्रीच्या मानकऱ्यांत आलें. त्याच यादींत व्हायोलिनवादनांतील अग्रगण्य विदुषी श्रीमती एन. राजम् यांस पद्मविभूषण जाहीर झालें. एक कलावती देशोदेशींच्या संगीतसभा गाजविलेली. दुसरा कलावंत डोंगरपाड्यावरील अंगणांत वाजवीत वाजवीत नव्वदीपलीकडे पोंचलेला. आणि दोघांचीं नांवें एकाच पत्रकावर. आपल्या पालघर जिल्ह्याच्या दृष्टीनें ही गोष्ट अभिमानाची होय, यांत शंका नाहीं. परंतु अभिमान हा पुष्कळदां आळसाचा सोबती असतो. शाल, श्रीफळ, फलक व छायाचित्र एवढ्यावर आपला अभिमान संपणार असेल, तर त्यापासून कलेस लाभ तो कोणता, याचा विचार पालघर, बोईसर व तारापूर येथील सुशिक्षित नागरिकांनीं व व्यापाऱ्यांनीं एकवार शांतपणें करावा, एतदर्थ हा लेख.

प्रथम मान म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. पद्म पुरस्काराबरोबर सनद व पदक मिळतें. द्रव्य मिळत नाहीं, आणि तो मान पदवीसारखा नांवास जोडण्याचीही मुभा नाहीं. संगीत नाटक अकादमीनें श्री. धिंडा यांचा यापूर्वींच गौरव केला होता. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांच्याकरितां राज्य सरकारची मानधनाची योजना आहे. २०२४ सालीं तें मानधन दरमहा पांच हजार रुपये करण्यांत आलें. या सर्व गोष्टी योग्यच आहेत. परंतु त्या सर्व कलावंताच्या सायंकाळीं येतात. दुकानाच्या फळ्या लावण्याच्या सुमारास गिऱ्हाइकानें यावें, मालाची तोंडभर वाखाणणी करावी आणि दिवसभर आपण कोठें होतों हें मात्र सांगूं नये, तसा हा प्रकार आहे. कलावंताचा खरा प्रश्न त्याच्या विशीचा व चाळिशीचा असतो. त्या वयांत त्यास शिष्य मिळाला काय, शिकविण्याचें वेतन मिळालें काय, ऐकणारा मिळाला काय, यावर विद्या पुढच्या पिढीस पोंचेल कीं नाहीं हें ठरतें. सरकारचा हात तेथपर्यंत क्वचितच पोंचतो. तें काम समाजाचें आहे.

तारपा पाहिलेले लोक नगरांत पुष्कळ आहेत. तो ऐकलेले थोडे. तो समजून घेतलेले त्याहून थोडे. सुकविलेला भोपळा पोखरावयाचा, त्यांत जिभल्या बसविलेल्या बांबूच्या नळ्या जोडावयाच्या, टोंकास ताडाच्या पानांचा लांब कर्णा द्यावयाचा आणि सांधे मेणानें बुजवावयाचे, अशी या वाद्याची घडण. रानांत मिळणार नाहीं अशी एकही वस्तु त्यांत नाहीं. परंतु वाजविणें महाकठीण. वादक नाकानें श्वास घेत असतांच गालांत सांठविलेली हवा वाद्यांत सोडीत राहतो, म्हणून सूर मध्येंच तुटत नाहीं. हा दम कमाविण्यास वर्षें लागतात. भात घरीं आल्यावर पाड्यावरील बायका, पुरुष व मुलें एकमेकांच्या कमरेस हात घालून फेर धरतात; मध्यें तारपावाला उभा; तो वळेल तिकडे फेर वळतो, आणि त्याच्याकडे पाठ कोणी करीत नाहीं. ज्या समाजानें आपल्या वादकाकडे पाठ न करण्याचा शिष्टाचार घालून दिला, त्यास आपण मागासलेला म्हणतों. आणि आपण स्वतः गवयाची तान चालूं असतां पानसुपारीच्या गप्पा मारतों!

हाच फेर वारली चित्रांतून जगभर गेला. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं तो कागदावर व कापडावर रंगविला. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं ते निवर्तले. आज तें चित्र उपाहारगृहांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर व कचेऱ्यांच्या प्रवेशद्वारांवर दिसतें. चित्रांतला तारपा बाजारांत पोंचला. खरा तारपा पाड्यावरच राहिला. कारण उघड आहे. चित्र विकत घेऊन टांगतां येतें. संगीत टांगतां येत नाहीं. तें ऐकावयास वेळ द्यावा लागतो आणि शिकावयास आयुष्य द्यावें लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं, तारपा हें लोकवाद्य. अभिजात संगीताची गोष्ट वेगळी, दोन्हींची एकत्र चर्चा कशास? हा भेद आम्हांस मान्य आहे, परंतु त्यावर बांधलेली उच्चनीचता मान्य नाहीं. सनई हें नगारखान्यांतील व लग्नाच्या दारावरील वाद्य होतें. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनीं तें संगीतसभेच्या मध्यभागीं आणून बसविलें, आणि २००१ सालीं त्याच सनईनें भारतरत्नाचा मान पाहिला. बांसरी ही गुराख्याची. पन्नालाल घोष यांनीं तिला ख्यालाची योग्यता आणून दिली. अर्थात् प्रत्येक वाद्यानें दरबारी व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. तारपा हा तारपाच राहूं द्यावा. परंतु आज ज्यास आपण शास्त्रीय म्हणतों, त्यांतील पुष्कळ भाग काल दारावर उभा होता, एवढें स्मरण ठेविलें तर जिभेस थोडा संयम येईल.

आणि जें अभिजात म्हणून मान्य झालें, त्याच्या कपाळींही उपेक्षा चुकलेली नव्हती. २०२५ सालीं पद्मश्री मिळालेल्या डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांचें उदाहरण घ्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गायिकेनें भाभा अणुसंशोधन केंद्रांत जीवरसायनशास्त्राचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली, ही गोष्ट अणुशक्तीच्या छायेंत वाढलेल्या तारापूरकरांस विशेष गोड वाटेल. विज्ञान व गायन हीं एका घरांत नांदूं शकतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता? परंतु या गौरवाची मुळें खोल गेलेलीं आहेत. अश्विनीबाईंस विद्या मिळाली ती प्रामुख्यानें त्यांच्या मातोश्री माणिक भिडे यांच्याकडून. माणिकबाईंस किशोरी आमोणकर यांच्याकडून. किशोरीबाईंस त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून. आणि मोगूबाईंस खुद्द अल्लादिया खाँसाहेबांकडून. खाँसाहेब १९४६ सालीं वारले. म्हणजे त्यांच्यानंतरच्या ओळीनें चार स्त्रियांनीं ही ठेव सांभाळून आजपर्यंत आणिली. मोगूबाईंच्या उमेदीच्या काळांत गाणारी स्त्री म्हणजे घराबाहेर उतरवावयाची, मागल्या दारानें न्यावयाची अशी समजूत होती. आपल्या आईच्या वांट्यास आलेली वागणूक किशोरीबाईंनीं पुढें स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली आहे. मोगूबाईंस १९७४ सालीं पद्मभूषण मिळालें. किशोरीबाईंस २००२ सालीं पद्मविभूषण मिळालें. अपमानाच्या एका पिढीनंतर मानाच्या तीन पिढ्या आल्या, त्या आपोआप आल्या नाहींत. समाजाचें मत बदलावें लागलें, आणि तें मत बदलण्याकरितां कांहीं माणसांना झिजावें लागलें.

त्या माणसांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर अग्रभागीं होते. १८७२ सालीं कुरुंदवाड येथें जन्मलेल्या व लहानपणींच दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झालेल्या या पुरुषानें ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढिलें, तें राजाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर. गाणें शिकणें हें सभ्य घरच्या मुलामुलींस शोभतें, ही गोष्ट त्यांनीं उपदेशानें सांगितली नाहीं. शाळा उघडून दाखविली. १९०८ सालीं विद्यालय मुंबईस आलें. परंतु तेथील इमारत पुढें कर्जापायीं लिलांवांत गेली, ही गोष्ट धनिक मुंबईस भूषणावह नाहीं. १९३१ सालीं पंडितजी वारल्यावर त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार या परीक्षांच्या रूपानें तें काम गांवोगांव पोंचलें. इमारत गेली, पण शिष्य राहिले, म्हणून संस्था जगली. यांतील बोध विसरण्यासारखा नाहीं.

दुसरें उदाहरण व्यापारी वर्गास अधिक जवळचें. १८७० सालीं कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकारानें मुंबईंत पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. व्यापारउदीम करणारे लोक सायंकाळीं एकत्र जमत, उस्तादांस वेतन देत व पद्धतशीर गाणें शिकत. याच मंडळींत विष्णु नारायण भातखंडे नांवाचा तरुण सभासद होऊन आला, शिकला आणि पुढें शिकवूंही लागला. ज्या पंडित भातखंड्यांनीं हिंदुस्थानी संगीतास थाटपद्धतीची चौकट दिली, सहस्रावधि चिजा लिहून ठेविल्या व १९१६ सालीं बडोद्यास संगीत परिषद भरविली, त्यांच्या अभ्यासास व्यापाऱ्यांच्या या वर्गणीच्या क्लबाचा आधार मिळाला. तारापूर हें तर जुनें पारशी ठाणें. येथील मेहेरजी बंधूंची पेढी एके काळीं निजामाच्या हैद्राबादेंत चालत असे. तेव्हां व्यापारी व गायनविद्या यांचा संबंध आम्ही नव्यानें जोडीत नाहीं. तुटलेला धागा फक्त दाखवून देत आहों.

आतां समूहगायनाकडे वळूं. एकट्या गवयाची कीर्ति आपण गातों. परंतु ज्या समाजांत सर्वांस थोडें थोडें गातां येतें, त्याच समाजांत मोठा गवई जन्मतो व ओळखला जातो. गोव्यांतील चर्चांच्या शाळांतून सामान्य घरच्या मुलांस स्वरलेखन वाचावयास व वृंदांत गावयास शिकवीत. त्याचें फळ असें झालें कीं, मुंबईच्या चित्रपटसृष्टीस लेखी स्वर वाचून वाजविणारे वादक हवे झाले तेव्हां ते गोव्यांतून मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस हे त्यांपैकींच. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांचे ते गुरु, आणि १९५८ सालीं स्वतःचा भारतीय वाद्यवृंद उभारणारे. धार्मिक उपासनेकरितां दिलेलें संगीतशिक्षण शेंकडों कुटुंबांच्या पोटाचें साधन झालें. 'आधीं पोट, मग गाणें' असें म्हणणाऱ्या व्यवहारी गृहस्थांनीं हा हिशेब अवश्य तपासावा.

आपल्याच जिल्ह्यांतील वसईचें उदाहरण तर घरचें आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यानंतर तो गेला, परंतु चर्चमधील वृंदगायनाची चाल राहिली. व्हॅटिकन परिषदेनें १९६२ ते १९६५ या काळांत लोकभाषेंतील उपासनेस वाट करून दिल्यावर तेथील गायकवृंद मराठींत गाऊं लागले. ऑर्गनच्या जोडीस पेटी व तबला आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं त्याच्या कितीतरी आधीं ख्रिस्ती पदांस मराठी भजनाचें वळण दिलें होतेंच. यांतील वाखाणण्याजोगी गोष्ट ही कीं, अशा वृंदांत शिंपी, शिक्षिका, कारकून व शाळेंतील पोर एका ओळींत उभीं राहतात, आठवड्याच्या ठरलेल्या वारीं तालीम करितात, आणि आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजाहून वर जाऊं न देण्याचें शिक्षण घेतात. लोकशाहीस याहून उत्तम शाळा मिळणें कठीण. आपलीं वारकरी भजनी मंडळें हेंच काम करीत आलीं आहेत; त्यांत स्वरज्ञानाची थोडी भर घातली, तर तीं कोणत्याही देशाच्या गायकवृंदाशेजारीं बसविण्यासारखीं होतील.

केवळ पैसा ओतून संगीत उभें राहत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेनें २००६ सालीं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. २०१५ सालीं उस्ताद झाकीर हुसेन यांनीं तबला व वाद्यवृंद यांकरितां रचिलेली 'पेशकार' ही कृति या वृंदानें सादर केली, आणि २०१९ सालीं इंग्लंडांतील दौऱ्यांत तेथील रसिकांची दादही मिळविली. हें यश मोठें आहे. परंतु वृंदांत परदेशांतून बोलाविलेल्या वादकांचा भरणा मोठा, ही उणीव चालकांच्याही ध्यानांत आली, आणि म्हणून त्यांनीं लहान मुलांस शिकविणारी शाळा सुरू केली. वाद्यवृंद पैशानें भाड्यानें आणतां येतो. वादक मात्र सातव्या-आठव्या वर्षापासून घडवावा लागतो.

या सर्व विवेचनाचा आपल्या नगरांशीं संबंध काय? पुष्कळ आहे. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. बोईसरजवळची औद्योगिक वसाहत वाढली. २०१३ सालीं उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धांवूं लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून शास्त्रज्ञ, कारागीर, मजूर व व्यापारी येथें येऊन स्थायिक झाले. त्यांत कोणाच्या घरीं तानपुरा आहे, कोणाच्या घरीं मृदंगम्, कोणाच्या घरीं खोल. ही केवढी संपत्ति! तथापि ऐकावयास जावयाचें तर शंभर किलोमीटरांच्या आसपासची मुंबई गांठावयाची, आणि भैरवी ऐकण्यापूर्वींच परतीच्या गाडीकडे धांवावयाचें. उलट उत्सवाच्या दिवसांत भिंती हादरविणाऱ्या ध्वनिवर्धकांस आपण विनातक्रार हजारों रुपये मोजतों. तोच दुकानदार, तोच कारखानदार, तींच मंडळें. पैसा नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. त्याची दिशा चुकली आहे.

म्हणून आम्ही चार साध्या सूचना करतों. पहिली: प्रत्येक उत्सवमंडळानें आपल्या ध्वनिवर्धकाच्या खर्चाचा निदान दहावा हिस्सा बाजूस काढून, तो एकत्र करून नगरांतील एका संगीतशिक्षकाच्या नियमित वेतनास लावावा. देणगी एकदां नको. वेतन दरमहा हवें. शिक्षकास हारापेक्षां महिन्याच्या पहिल्या तारखेचा भरंवसा अधिक गोड लागतो.

दुसरी: बोईसर-तारापूरच्या मोठ्या कारखान्यांनीं कंपनी कायद्याकडे पाहावें. २०१३ च्या कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांस आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावे लागतात; आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत कला, संस्कृति व पारंपरिक कला यांचें जतन व संवर्धन स्पष्टपणें नमूद आहे. तेव्हां तारपा शिकविणाऱ्या वृद्ध वादकास गुरूचें वेतन व शिकणाऱ्या दोन-चार मुलांस विद्यावेतन देणें हें कायद्याच्या चौकटींत बसणारें काम आहे. त्यास दानशूरपणाही लागत नाहीं. केवळ इच्छा लागते.

तिसरी: महिन्यांतून एकदां एखाद्या शाळेच्या दालनांत बैठक व्हावी. तिकीट अल्प असावें, परंतु असावें. कारण फुकटच्या गाण्यास फुकटचे कान मिळतात. हिराबाई बडोदेकर यांनीं तिकीट लावून सभ्य श्रोतृवर्गापुढें जलसे केले, तेव्हां स्त्रीच्या गाण्यास बाजाराच्या नव्हे, तर विद्येच्या मोलानें पाहण्याची संवय लोकांस लागली. या बैठकींत ख्याल गाणाऱ्यास जी सतरंजी, जें मानधन व जी शांतता, तीच तारपावादकासही मिळावी. पाहुण्यांच्या स्वागतार्थ त्यास उन्हांत फाटकाशीं उभें करून वाजवावयास लावणें ही त्याची संभावना नव्हे. ती विटंबना होय.

चवथी: स्तुति करावयाची ती समजून करावी. १९३० नंतरच्या दशकांत केशवराव भोळे यांनीं 'एकलव्य' या नांवानें गायकांवर जें लिहिलें, त्यानें वाचकांचे कान तयार केले. कारण त्यांत गुणांबरोबर दोषही मांडलेले असत. आज वर्तमानपत्रांत गाण्याची बातमी येते, पण बहुधा कोणी कोणाचा सत्कार केला एवढीच. काय गाइलें, कसें गाइलें, विलंबित लयींत धीर होता कीं नव्हता, याचा शब्द नसतो. ज्यास दोष दाखविणारा श्रोता नाहीं, त्या कलावंताची वाढ खुंटते. पालघरच्या महाविद्यालयांतील तरुणांनीं ऐकावें, टिपून ठेवावें व निर्भीडपणें लिहावें.

या सूचनांवर कोणी हंसेल. जिल्ह्यांतील वाड्यापाड्यांवर पाण्याचे, आरोग्याचे व शाळांचे प्रश्न उभे असतां हे गाण्याबजावण्याचे विलास कशास, असें विचारील. हा आक्षेप प्रामाणिक आहे व त्याचा मान ठेवून आम्ही उत्तर देतों. पाणी व औषध हें सर्वप्रथम हवेंच. संगीताकरितां त्यांतील एक पैही कमी करूं नये. परंतु ज्या मनुष्यास आपण केवळ मदतीस पात्र असा गरीब समजतों, त्याच्याकडे आपणांस शिकण्यासारखी विद्या आहे, हें एकदां मनानें घेतलें म्हणजे त्याच्याविषयींचें आपलें सर्वच वर्तन बदलतें. दया करणारा वरून पाहतो. शिष्य खालून पाहतो. नगर आणि पाडा यांच्यांतील अंतर रस्त्यांनीं कमी होईल तेवढेंच या बदललेल्या दृष्टीनेंही कमी होईल.

राजांचे दरबार १९४८ च्या सुमारास संपले. जव्हारचें संस्थानही त्याच वेळीं विलीन झालें. तेव्हांपासून आश्रयदाता असा कोणी एक राहिला नाहीं. जो ऐकतो व जो देतो तोच आतां राजा. हें राजेपण आपण पत्करणार कीं केवळ पुरस्कारांच्या याद्या वाचून टाळ्या वाजविणार, याचा निर्णय दिल्लींत व्हावयाचा नाहीं. तो पालघरच्या बाजारपेठेंत, बोईसरच्या कारखान्यांत व तारापूरच्या वसाहतींत व्हावयाचा आहे. नव्वदी उलटलेल्या वादकाजवळ वाट पाहण्यास वर्षें फारशीं नसतात. येत्या भातकापणीपूर्वीं एक शिक्षक, चार शिष्य व एक बैठक एवढें जरी या तीन नगरांनीं मिळून उभें केलें, तरी तो त्या पद्मश्रीचा खरा सत्कार ठरेल.